डेऱ्याचा तळ

झिलईचा डेरा रिकामा करा, असा हुकूम घेऊन सरकारी माणसं आली तेव्हा म्हातारी आधी हसलीच. तिला वाटलं, थट्टा करताहेत. शेडच्या कोपऱ्यात निम्मा जमिनीत पुरलेला तो डेरा तिच्या सासूच्या हयातीतही कधी रिकामा झाला नव्हता. शिशाची भुकटी, बारीक वाळू आणि पाणी यांचा साईसारखा दाट काला त्यात कायम असायचा. वाळलेलं भांडं त्यात बुडवायचं, निथळायचं आणि भट्टीत चढवायचं. आच लागली की काला वितळून भांड्यावर काचेसारखा बसायचा. काला खाली गेला की वर नवा ओतायचा, पण तळ तसाच ठेवायचा. विरजण आणि डेऱ्याचा तळ, या दोन गोष्टी घरात कधी संपू द्यायच्या नाहीत, हे लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं.

"तळच काढला तर नव्याला चकाकी यायची कुठून?" म्हातारी म्हणाली.

"आजी, सगळं शिसं तळातच तर बसलंय," तपासनीस बाई म्हणाल्या. बाई तरुण होत्या, आवाज चढवत नव्हत्या, आणि चपलांना चिखल लागला तरी कपाळाला आठी नव्हती. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नव्हतं. "त्या भांड्यात आंबट काही शिजवलं की शिसं अन्नात उतरतं. शहरात मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं. आता कायदाच झालाय. शिशाची झिलई लावलेलं भांडं करायचं नाही, विकायचं नाही. नवी भुकटी आम्ही देतो. तयार माल तपासायला मीच येईन. पास झाला तर सरकारी दुकानात लागेल."

"आणि नापास झाला तर?" कुंभारानं विचारलं. हा म्हातारीचा मुलगा. चाकावरून तसाच उठून आलेला, कोपरापर्यंत माती.

"तर भट्टीला सील."

"नवी भुकटी आमच्या आचेला वितळेल का, ते सांगा."

"जरा जास्त आच लागते."

"जरा म्हणजे?"

बाई अडखळल्या. "बरीच," त्या म्हणाल्या.

सून मात्र या सगळ्या वेळात दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला लपवता येत नव्हता. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. पहिलं गेलं तेव्हा सगळे म्हणाले, होतं असं. दुसरं गेलं तेव्हा ती कुणालाही न विचारता दवाखान्यात गेली, रक्त देऊन आली, आणि तिथल्या नर्सनं सांगितलं की तुझ्या रक्तात शिसं आहे, त्या डेऱ्यापासून लांब राहा. त्यानंतर सुनेनं शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. ती माती तुडवायची, भांडी उन्हात मांडायची, घर सांभाळायची. झिलईला शिवायची नाही. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि या खेपेला टिकले होते. सहावा लागला होता. सरकारी माणसं डेरा उपसत होती तेव्हा तिला वाटत होतं, हे आपल्याचसाठी चाललंय.

म्हातारीला हे रक्तातलं शिसं वगैरे पटलेलं नव्हतं. तिची सगळी हयात त्या डेऱ्यात हात घालण्यात गेली होती. काला काठीनं ढवळून भागत नाही, काठीला गाठी कळत नाहीत. कोपरापर्यंत हात घालून बोटांनी एकेक गाठ फोडावी लागते. हे काम घरातल्या बायकांचं. तिनं ते केलं होतं आणि तरीही तिला मुलगा झाला होता. मुलाच्या आधीची आणि नंतरची गेली, पण तेव्हा सगळ्यांच्याच घरात जात. तिच्या हिरड्यांवर निळसर रेघ होती, पोटात अधूनमधून असा पीळ पडायचा की ती उशी पोटाशी धरून गुडघ्यांवर बसायची. आणि काही वर्षांपासून दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबू लागले होते. उचलायला गेलं की उचलत नसत. वैद्य म्हणायचा वात, ती म्हणायची वय. तपासनीस बाईंनी ते हात पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली. म्हातारीच्या ते लक्षात आलं आणि तिनं हात पदराखाली घेतले.

काल्यानं भरलेली पिंपं ट्रकवर चढत होती, कुंभार सह्या करत होता. तेवढ्यात म्हातारी डेऱ्यापाशी वाकली. तळाशी गाळ राहिला होता, जड आणि तांबूस. तिनं दोन्ही हातांमध्ये वाडगा दाबून धरला, गाळ खरवडला, झाकणाच्या बरणीत भरला आणि बरणी आपल्या खाटेखाली सरकवली. तिला यात चोरी केल्यासारखं काही वाटलं नाही. घराचं विरजण तिनं वाचवलं होतं.

मग सुनेच्या सांगण्यावरून कुंभारानं डेरा वाळूनं घासला, पुन्हा घासला. इतका स्वच्छ झाला की त्यात नुसतं पाणी भरलं तर प्यावंसं वाटावं.

*

ते दिवस दमट होते. आभाळ सतत भरलेलं, पण पडत काही नव्हतं. ओल्या भांड्यांना ऊन मिळेना. कुंभार एकेक वाडगा उचलून बुडाला गाल लावून बघायचा, गार लागला की परत ठेवायचा. ओलं भांडं भट्टीत फुटतं आणि शेजारच्या चारांना घेऊन जातं.

नव्या झिलईची पहिली भट्टी लागली तेव्हा त्यानं नेहमीपेक्षा दीडपट लाकूड घातलं. भट्टीच्या तोंडाशी बसून त्याच्या भुवया होरपळल्या. दुपारनंतर लाकूड कमी पडायला लागलं, तेव्हा त्यानं गोठ्याचा जुना दरवाजा फोडून आत सारला. बायको पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची.

भट्टी निवल्यावर भांडी बाहेर काढली. राख फासल्यासारखी दिसत होती. झिलई कुठे साचली होती, कुठे आकसली होती, आणि सगळ्या अंगावर देवी आल्यासारखे फोड होते. कुंभारानं एक वाडगा हातात घेऊन नखानं खरवडला तर टवका निघाला.

तपासनीस बाई आल्या. त्यांनी पिशवीतून काडी काढली. बोटाएवढी, टोकाला कापूस, मध्ये औषध. मोडून दाबली की कापूस पिवळा व्हायचा, आणि शिसं लागलं की लाल. त्यांनी ती वाडग्यावर घासली. कापूस पिवळाच राहिला.

"पास!" बाई मनापासून खूश झाल्या. "बघा, जमलं की नाही?"

"जमलं," कुंभार म्हणाला. "आता हे विकत कोण घेणार, तेवढं बघा."

पलीकडच्या भट्टीचा मालक भिंतीवर कोपरं टेकून बघत होता. त्याला सगळे खोकल्या म्हणत, कारण तो बोलायच्या आधी खोकायचा. त्यानं आपली भट्टी कायदा आल्याबरोबर बंद केली होती आणि आता त्याला दुसऱ्यांच्या भट्ट्यांमध्ये डोकावायला भरपूर वेळ होता. तो खोकला आणि म्हणाला, "कायद्यात पास, बाजारात नापास. यात पाणी प्यायला माझा कुत्रासुद्धा यायचा नाही."

"तुझा कुत्रा तुझ्या घरी तरी येतो का?" कुंभार म्हणाला. खोकल्या हसला, बाईही हसल्या. पण कुंभाराला हसू आलं नाही. बाई गेल्यावर त्यानं तो वाडगा भिंतीवर फेकून फोडला आणि लगेच खाली बसून तुकडे गोळा करायला लागला. बायको समोर उभी होती, त्याला तिच्याकडे बघवेना.

"सोडून देऊ," तो म्हणाला. "शहरात जाऊ. वीटभट्टीवर घेतील."

"आई कुठे जातील?" ती म्हणाली. "आणि मी? या दिवसांत मी विटा उचलू?"

"मग काय करू, सांग ना! जाळायला आता घरची दारं उरलीत फक्त."

"अजून एकदा करून बघा. थोडीच भांडी लावा."

म्हातारी खाटेवर बसून ऐकत होती. मुलगा लहानपणी रुसला की असाच पाठ करून बसायचा. तिला वाटलं, ही पोरं उगीच झुरताहेत. बिघडलंय कुठे ते तिला ठाऊक होतं. नव्या काल्याला तळ नव्हता, त्याला चकाकी येणार कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा लाकडं बघायला गेला तेव्हा तिनं बरणीतला चार वाडगे गाळ डेऱ्यात ओतला आणि काठी दोन्ही हातांत दाबून जमेल तसं ढवळलं.

ती भट्टी लहान होती. निवल्यावर कुंभारानं पहिला वाडगा काढला, सदऱ्यानं पुसला आणि तसाच धरून राहिला. वाडग्यात त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे तसेच, गुळगुळीत आणि मधाच्या रंगाचे.

"अगं ए!" तो ओरडला. "बाहेर ये! बघ, बघ काय झालंय!"

सून धावत आली. तिनं वाडगा हातात घेतला, आतून बाहेरून बोट फिरवलं आणि रडायलाच लागली. कुंभार म्हणाला, आच या खेपेला बरोबर बसली. दुपारी जी लाकडं घातली ना, त्यांनीच केलं. तो कितीतरी वेळ त्या लाकडांबद्दल बोलत होता. खोकल्यासुद्धा भिंतीवरून उतरून आत आला, वाडगा टिचकी मारून वाजवून बघितला आणि या खेपेला न खोकता म्हणाला, "मानलं बुवा."

म्हातारीनं काही सांगितलं नाही. मुलाच्या तोंडावर इतक्या दिवसांनी रंग आला होता. त्याला आपल्या आचेचं कौतुक वाटतंय तर वाटू दे, ती मनात म्हणाली, आणि हसून आत गेली.

*

आधीचा माल पास झालेला म्हणून न तपासताच नमुना सरकारी दुकानात गेला आणि आवडला. मोठा माल पाहिजे असा निरोप आला. बाई तपासायला कधी येणार ते ठरलं. कुंभार चाकावरून उठेनासा झाला. झाकणाची भांडी, थाळे, वाडगे, पाण्याचे घडे असं शेडमध्ये, ओसरीवर, म्हातारीच्या खाटेभोवती पाय ठेवायला जागा राहिली नाही. नव्या भुकटीची पोती डेऱ्यात रिकामी झाली. म्हातारीनं पहाटे उठून बरणी पालथी केली. या खेपेला सगळाच गाळ ओतला. एवढ्या मालाला एवढा लागणारच, असा तिचा हिशेब होता.

उजाडल्यावर सून शेडमध्ये आली. तिनं पदर खोचला होता आणि बांगड्या काढून ठेवल्या होत्या.

"तू कशाला आलीस इथं?" म्हातारीनं विचारलं.

"काला कालवायला. यांना काठीनं नीट जमत नाही, गाठी राहतात. तुमच्या हातांना होत नाही. मग कोण करणार?"

"तुला दवाखान्यानं नको म्हणून सांगितलंय ना?"

"ते जुन्याला, आई. यात काही नाहीये. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खुशाल हात घाला." आणि तिनं डेऱ्याच्या काठाशी पोट सांभाळत एक गुडघा टेकला आणि उजवा हात कोपराच्या वरपर्यंत आत घातला. "अगंबाई, किती गार आहे!" ती म्हणाली.

म्हातारीला काय वाटलं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. विष आहे असं तिला वाटत नव्हतं. पण समजा, असलं तर? ती नर्स खोटं कशाला बोलेल? ती पुढे झाली आणि सुनेचा दंड आपल्या मनगटानं ढकलायला लागली.

"सरक. मी करते."

"आई, काय करताय?"

"मी करते म्हणते ना! आयुष्यभर मीच केलंय." म्हातारीनं आपला हात आत घातला. पंजा काल्यात बुडाला आणि पाण्यातल्या चिंधीसारखा हालत राहिला. बोटं मिटेनात. गाठ बोटाला लागत होती, पण फुटत नव्हती. सुनेनं हळूच तिचा हात धरून बाहेर काढला, आपल्या पदरानं पुसला.

"बसा बरं तिकडे. किती राबलात, आता मला करू द्या." सुनेच्या आवाजात माया होती. "एक सांगू, आई? मला वाटायचं, मी या घरात फुकट खाते. तुमचे हात असे झाले, हे एकटे मरमर मरताहेत, आणि मी लांब उभी. आता बरं वाटतंय मला."

म्हातारी भिंतीला टेकून बसली. आत्ता सांगावं, असं तिच्या तोंडाशी आलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? डेरा उपसावा लागला असता. नवी भुकटी संपली होती. मुलगा पुन्हा पाठ करून बसला असता. आणि त्यानं विचारलं असतं, आई, हे तू केलंस? म्हातारीनं तोंड मिटून घेतलं. तिला आपल्या सासूची आठवण झाली. सासूचेही हात शेवटी असेच लोंबत होते. तेव्हाही वातच म्हणाले होते.

दुपारी तिनं सुनेला प्लास्टिकच्या पिशव्या आणून दिल्या. "हातांना बांध. भेगा पडतील."

सुनेनं त्या बांधून बघितल्या आणि सोडून टाकल्या. "गाठी कळत नाहीत हो." आणि हसत म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत ना, बोटांनी फोडायच्या म्हणून?"

दुसऱ्या दिवशीही तेच. सून कालवत होती, भांडं दोन हातांनी धरून बुडवत होती, वर काढून गोल फिरवत होती. काला तिच्या दंडांवरून ओघळून वाळत होता, पांढरा पडत होता. नाकाला खाज आली की ती दंडानं नाक पुसायची. मधेच कुंभार तिला भाकरीचा तुकडा भरवायचा, ती घाई असली की स्वतःच दोन बोटांनी घ्यायची. म्हातारी नुसती बघायची. एकदा दोघं बाहेर भांडी मांडत होती तेव्हा ती उठली आणि डेऱ्याच्या काठाला खांदा लावून ढकलायला लागली. फुटू दे, सांडू दे, म्हातारीच्या हातून झालं म्हणतील. पण डेरा निम्मा जमिनीत होता. तिचा पाय घसरला आणि ती तिथेच पडली.

सून धावत आली, तिनं तिला काखेत धरून उठवलं. "आई, चक्कर आली का? चला, पडा जरा. तुम्हाला आता नातवाला खेळवायचंय, हातपाय मोडून घेऊ नका."

"पोरी," म्हातारी म्हणाली.

"काय?"

"पोरी, तू दमलीस. आज पुरे कर."

"एवढे थाळे झाले की झालंच."

शेवटचे थाळे संध्याकाळी झाले. सून हातपाय धुऊन आत आली आणि चुलीपाशी बसता बसता वाकली. तिनं पोटावर हात दाबून धरला.

"काय गं?" म्हातारी एकदम उठली.

"काही नाही. पोटात पीळ पडल्यासारखं झालं. दिवसभर वाकून होते ना." तिनं गुडघे जवळ घेतले आणि शेजारची उशी ओढून पोटाशी धरली. मग तशीच गुडघ्यांवर बसून राहिली.

म्हातारीनं हे बसणं ओळखलं. ती स्वतः असंच बसायची. इतकी वर्षं तिला कुणी सांगून पटलं नव्हतं ते त्या क्षणी पटलं.

"डेऱ्यात आता हात घालू नकोस," ती म्हणाली. "माझी शपथ आहे तुला. अजिबात घालू नकोस."

सून कळ सोसत हसली. "आता काय घालायचंय, आई? सगळं लावून झालं. डेऱ्यात काही उरलंच नाही."

*

भट्टी नीट लागली. कुंभार दिवसभर तोंडाशी बसून होता, पण या खेपेला गाणं गुणगुणत होता. सुनेची कळ सकाळी कमी झाली होती, पण तिला जेवण जात नव्हतं. म्हातारी तिच्या मागे मागे फिरत होती. हात धुतलेस का, पुन्हा धू, नखं काप, असं सारखं चाललं होतं. सून आधी हसली, मग वैतागली आणि शेवटी कुंभाराला म्हणाली, "आईंना काहीतरी झालंय."

"नातवाच्या ओढीनं खुळी झालीय," तो म्हणाला.

तपासनीस बाई आल्या तेव्हा माल ओसरीवर मांडला होता. आभाळ इतक्या दिवसांनी उघडलं होतं आणि सगळी ओसरी चकाकत होती. खोकल्या आला होता, गल्लीतले इतर कुंभारही आले होते. याचं जमलं तर आपलंही जमेल, म्हणून. बाई बघतच राहिल्या. "किती सुंदर झालंय!" त्या म्हणाल्या. "आचेचं काय केलंत तुम्ही?"

"ते आमचं आम्हाला," कुंभार म्हणाला आणि सगळे हसले.

बाईंनी काडी काढली, मोडली, दाबली. पिवळा कापूस पहिल्या वाडग्यावर घासला. त्यांचं हसू तसंच होतं, कारण त्यांनी अजून काडीकडे पाहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा कापूस लाल झाला होता, कुंकवासारखा.

त्यांनी दुसरी काडी काढली. थाळ्यावर घासली. लाल. तिसरी घड्यावर. लाल.

"काडी खराब असेल," कुंभार म्हणाला.

बाईंनी चौथी काडी आपल्या पाण्याच्या बाटलीवर घासली. पिवळीच राहिली. त्यांनी कुंभाराकडे पाहिलं. "जुना काला वापरलात?"

"नाही! शपथेवर सांगतो, नाही. तुमच्यासमोर डेरा उपसला, मी स्वतः घासला. तुमच्या भुकटीतच असणार! तुम्हीच काहीतरी भलतंच दिलंत!" त्याचा आवाज चिरकला. "गोठ्याचा दरवाजा जाळला मी! माझ्या बायकोनं या दिवसांत डेऱ्यात हात घालून..."

"भुकटीचं एक पोतं माझ्याकडे आहे. ते स्वच्छ आहे." बाई शेडमध्ये गेल्या, डेऱ्यात वाकल्या आणि काडी घेऊन बाहेर आल्या. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. "मला भट्टी सील करावी लागेल," त्या म्हणाल्या. "आणि हा सगळा माल फोडावा लागेल. माझ्या हातात काही नाही, खरंच."

"कुणीतरी टाकलंय," कुंभार गरागरा फिरून सगळ्यांकडे बघायला लागला. त्याची नजर खोकल्यावर थांबली. "तू. तुझी भट्टी बंद पडली म्हणून तू..." आणि त्यानं खोकल्याची गचांडी धरली. खोकल्याला उत्तर द्यायचं होतं, पण त्याला खोकल्याची उबळ आली. तो नुसता मान हलवत राहिला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"सोड त्याला," म्हातारी म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती पुढे आली आणि मुलाच्या पाठीवर आपले लोंबते हात आपटायला लागली. "सोड त्याला! मी घातलंय. मी! जुना तळ ठेवला होता मी. तुझी भांडी बिघडली, तू पाठ करून बसलास, म्हणून घातला. मला काय ठाऊक? मला काय ठाऊक होतं रे?"

कुंभाराचे हात सुटले. तो आईकडे बघत राहिला. मग तो मालाच्या मध्ये खाली बसला.

सून ओसरीच्या खांबापाशी होती. ती भांड्यांकडे बघत नव्हती. तिनं दोन्ही हात पुढे धरले होते आणि ते उलटेसुलटे करून बघत होती. ती सावकाश बाईंपाशी आली.

"इथे लावा," ती म्हणाली.

"अहो, ही भांड्यांसाठी असते. माणसाला लावायची नसते."

"लावा."

बाईंना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी नवी काडी मोडली आणि सुनेच्या नखाच्या कडेला, मग कोपराच्या घडीत हलकेच फिरवली. कापूस आधी पिवळा दिसला. मग त्यात गुलाबी उतरलं आणि गडद होत गेलं.

सून पाण्याच्या टाकीकडे चालत गेली. तिनं मूठभर वाळू घेतली आणि हात घासायला लागली. बोटं, मनगट, कोपर, पुन्हा बोटं. कातडी लाल झाली, एका जागी रक्त आलं, तरी ती घासत राहिली. म्हातारी तिच्या मागून गेली. पाणी ओतावं म्हणून तिनं तांब्या दोन्ही हातांत दाबून उचलला, तो निसटून सुनेच्या पायाशी पडला.

"पोरी, मला मार," म्हातारी म्हणाली. "पाहिजे तर मार मला."

सुनेनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. "तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी तिथे बसले होते, तुम्ही समोर होतात. दोन दिवस. एकदा म्हणायचं होतंत, आई."

म्हातारी खाली वाकून पडलेला तांब्या दोन्ही मनगटांत धरायला लागली.

तेवढ्यात पोटात बाळ हललं. जोरात, एका बाजूनं. सवयीनं सुनेचा हात पोटाकडे गेला आणि वाटेतच थांबला. तिनं त्या हाताकडे पाहिलं. मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती तशीच उभी राहिली. हातांवरून पाणी गळत होतं आणि आत बाळ पुन्हा पुन्हा हलत होतं.